काकाजींना लीडवरून उतरवायचं कसं?

पत्र असं आहे:

"नमस्कार. मी चांदूर बाजार तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आमचा बारा-तेरा जणांचा बुलेटवाल्यांचा क्लब आहे. महिन्यातून एखाददुसऱ्या रविवारी राईड असते. क्लब सुरू केला तो काकाजींनी. एसटीच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले, आता वय ६७. मला बुलेट त्यांनीच शिकवली. घरचे नाही म्हणत होते तेव्हा माझ्या सासऱ्यांशी बोलायलाही तेच आले होते. आजवर प्रत्येक राईडला लीड, म्हणजे सगळ्यांच्या पुढची गाडी, त्यांचीच. यंदा मात्र तीन गोष्टी घडल्या. ऑक्टोबरात रस्त्यावर वाळत घातलेल्या सोयाबीनवर त्यांची गाडी घसरली. लागलं नाही. मग चिखलदऱ्याहून उतरताना घटांगच्या फाट्यावर ते परतवाड्याऐवजी सेमाडोहच्या रस्त्याला लागले. अर्धा ग्रुप त्यांच्या मागे गेला, अर्धा इकडे उतरला. फोनला रेंज नाही, तासभर शोधाशोध. आणि मागच्या रविवारी दिवस बुडाल्यावर कापसाची ट्रॉली त्यांना इतकी उशिरा दिसली की त्यांनी करकचून ब्रेक मारला. मी त्यांच्या मागेच होते, गाडी धुऱ्याकडे घातली म्हणून वाचले. ते म्हणाले, 'आजकालच्या गाड्याइचे लाईट डोयात घुसतात.' आता पोरं म्हणतात, काकाजींना मागं स्वीपला, म्हणजे सगळ्यात शेवटच्या जागेवर, टाका. सांगायचं कोणी? तर मी. 'तुमचं ऐकतील ते.' मी त्यांना कोणत्या तोंडानं सांगू? आणि नाही सांगितलं तर कोणाचे तरी हातपाय मोडतील. — काकाजींची शिष्या"

ताई,

तीन घटना तुम्ही एका दमात सांगितल्या आणि पोरांनीही त्या तशाच एकत्र बांधून 'काकाजी आता म्हातारे झाले' असा निकाल देऊन टाकलेला दिसतो. आधी त्या सुट्या करू.

सोयाबीनचं सोडून द्या. दिवाळीच्या आधीचे काही आठवडे आपल्याकडे डांबरी रस्ता हेच खळं असतं. अर्ध्या रस्त्यावर दाणे, उरलेल्यावर कुटार, कडेनं मांडलेले दगड. दाण्यावर टायर चढला की कोणाचीही गाडी सुटते, चालवणारा विशीतला असो की साठीतला. पडूनही लागलं नाही याचा अर्थ काकाजींचा वेग बेताचा होता. ही घटना त्यांच्या विरुद्ध नाही, जमलं तर त्यांच्या बाजूनं धरा.

घटांगचं खापर एकट्या काकाजींवर फोडू नका. तो फाटा चुकण्यासारखाच आहे, पण माझा प्रश्न दुसराच आहे: ज्या अर्ध्या लोकांना परतवाड्याचा रस्ता ठाऊक होता, त्यांच्यापैकी एकानंही हॉर्न देऊन पुढं जाऊन त्यांना थांबवलं का नाही? आणि फाट्यावर कोणी उभं का नव्हतं? ग्रुपनं जायचं तर रीत साधी आहे. फाटा आला की लीडच्या मागचा माणूस तिथं गाडी कडेला लावतो, मागून येणाऱ्यांना हात दाखवत उभा राहतो आणि स्वीप आला की त्याच्या पुढं लागतो. पुढच्या फाट्याला ज्याचा नंबर येईल तो. मग लीड चुकला तरी सगळे एकत्रच चुकतात, आणि एकत्र चुकलेले लोक कुठंतरी चहा पिऊन परत फिरतात. मेळघाटात रेंज नसते हे आपल्याकडे शेंबड्या पोराला माहीत आहे. १९७४ पासून जिथं व्याघ्र प्रकल्प आहे, त्या जंगलात एकमेकांना शोधत तासभर गाड्या फिरवायची वेळ आली ती क्लबला नियम नाही म्हणून. हे तुमच्या बैठकीत असंच सांगा, माझं नाव घेऊन सांगितलं तरी चालेल.

आता ट्रॉली. इथं मात्र मी थांबले आणि ते वाक्य दोनदा वाचलं: 'लाईट डोयात घुसतात.'

साठच्या वेगात गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते. बिनरिफ्लेक्टरची, मागचा दिवा नसलेली, वर कापूस आणि त्यावर ताडपत्री, अशी ट्रॉली सांजेला दिसायलाच उशीर होतो. धड डोळ्याच्या माणसाचंही तिथं काळीज हलतं. त्यात समोरून एखादी गाडी अप्पर मारत आली आणि डोळ्यांपुढचं ते पांढरं धुकं निवळायला एक सेकंद जास्त लागला, तर तेवढ्यात १७ मीटर गेले. तुम्ही काकाजींच्या किती मागं होता ते लिहिलेलं नाही, पण रस्ता सोडून धुऱ्याकडे जावं लागलं म्हणजे फार मागं नव्हता. ती चूक तुमची. साठला दोन सेकंदांचं अंतर म्हणजे ३०-३५ मीटर, आणि दिवस बुडाल्यावर त्याहून जास्त. गुरूच्या मागं चालतोय म्हणून अंतर कमी ठेवायचं, असं काही नसतं.

समोरच्या दिव्यांचा त्रास होणं, दिव्याभोवती कडं दिसणं, दिवसा ठीक पण सांज झाली की खड्डा उशिरा दिसणं, चष्म्याचा नंबर वरचेवर बदलणं: या वयात हे सगळं एकत्र आलं की पहिला संशय मोतीबिंदूचा घ्यायचा. मी डॉक्टर नाही. काचबिंदू असू शकतो, साखरेनं डोळ्याच्या पडद्यावर झालेला परिणाम असू शकतो, नुसता जुना चष्माही असू शकतो. म्हणूनच दुकानातून नंबर काढून आणू नका, नेत्रतज्ज्ञाला दाखवा. बाहुली मोठी करून तपासतात, त्या दिवशी गाडी चालवून परत येता येत नाही, सोबत कोणीतरी लागतं. मोतीबिंदूच निघाला तर ती सगळ्यात चांगली बातमी समजा. थोड्या वेळाची शस्त्रक्रिया, बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात. जिल्हा सामान्य रुग्णालयात ती मोफत होते. गाडीवर परत कधी बसायचं ते डॉक्टर सांगतील. ज्यांची झाली आहे त्यांना विचारा. पुष्कळ जण सांगतात की भिंतीचा रंग पिवळा नव्हता, पांढरा होता, हे तेव्हा कळलं.

पण डोळ्याआधी गाडी बघा. काकाजींकडे जुनी बुलेट असणार, मेकॅनिक माणूस नवी कशाला घेईल. तिचा हेडलाईट पिवळा आणि मंद. इंजिन मंद पडलं की अँपिअर मीटरचा काटा डावीकडे झुकतो आणि दिवा आणखी पडतो. त्यात हेल्मेटची काच. मागच्या राईडला चहाच्या टपरीवर काकाजी दुपट्ट्यानं काच पुसत होते का, आठवून बघा. धुळीची काच कोरड्या दुपट्ट्यानं पुसली की तिच्यावर बारीक गोल ओरखडे पडतात. दिवसा ते दिसत नाहीत. रात्री समोरून उजेड आला की प्रत्येक ओरखडा पेटतो. नवी काच काही शेकड्यात मिळते. ती तुम्ही घेऊन जा, पण ती देऊन विषय संपला असं स्वतःला सांगू नका. आणि उत्साहाच्या भरात कोणी त्यांच्या गाडीला पांढरा एलईडी बार लावून देऊ नका. त्यांचा त्रास समोरच्या शंभर जणांना वाटण्यात काय अर्थ आहे? चांगला बल्ब, साफ रिफ्लेक्टर, धड वायरिंग, एवढं पुरे, आणि ते काम काकाजी स्वतः तुमच्यापेक्षा चांगलं करतील.

आता 'कोणत्या तोंडानं सांगू'. ज्या तोंडानं तुम्ही त्यांना 'काकाजी' म्हणता त्याच.

पोरांची निरोप्या होऊन जाऊ नका. दहा-बारा बाप्ये, एकालाही तोंड उघडायची हिंमत नाही, आणि पाठवायचं कोणाला तर बाईला, कारण ती गोड बोलेल. ही सोय मला अजिबात आवडलेली नाही. 'सगळ्यांचं म्हणणं आहे' हे शब्द तोंडातून काढू नका. ते ऐकलं की काकाजींना एवढंच दिसेल की आपल्यामागे बैठका झाल्या. तुम्ही जायचं ते ट्रॉलीच्या मागं असलेला माणूस म्हणून. तुम्ही जे पाहिलं ते दुसऱ्या कोणी पाहिलेलं नाही.

व्हॉट्सॲपवर नाही. राईडच्या सकाळी गाड्या धडधडत असताना नाही. टपरीवर चारचौघांत तर नाहीच. मधल्या वारी, शाळा सुटल्यावर त्यांच्या घरी जा. काकू चहा ठेवतील, त्यांच्यासमोर बोलायला हरकत नाही. सुईत दोरा ओवताना, पोथी वाचताना, औषधाच्या पट्टीवरची तारीख वाचताना काय होतं ते काकूंना तुमच्या क्लबपेक्षा जास्त माहीत आहे. पण काकाजींना डावलून आधी त्यांच्या मुलाला फोन करू नका. तेवढं एक झालं की पुढची पाच वर्षं ते तुमच्याशी हवापाण्याशिवाय बोलणार नाहीत.

बोलायचं ते असं काहीसं: "काकाजी, त्या दिवशी मी ट्रॉलीत गेलीच असती. मले भेव वाटलं. तुम्हाले ते ट्रॉली कधी दिसली, खरं सांगा." आणि मग गप्प बसा. हा गप्प बसण्याचा भाग अवघड आहे, शिक्षकांना तर फारच. ते आधी ट्रॉलीवाल्याला शिव्या देतील, मग एलईडीवाल्यांना, मग रस्ता करणाऱ्या ठेकेदाराला. सगळं खरं आहे, मान हलवा. ते संपल्यावर विचारा: "डोये कधी दाखवले होते?" तुम्हाला त्यांच्याकडून पहिल्या दिवशी एवढंच हवं आहे, डोळे दाखवायची तारीख. लीडचा विषय त्याच बैठकीत काढायचा, पण दुसरा. "डोये दाखवेपर्यंत सांजच्याले आपण गाडी चालवाची नाही, लीडबी नाही." 'आपण' म्हणा. आणि 'आता तुमचं वय झालं' हे सहा महिन्यांत एकदाही म्हणू नका. वयावर इलाज नाही, म्हणून माणूस त्याच्यावर भांडतो. डोळ्यावर इलाज आहे.

त्यांना कायद्याचा आधार लागला तर तोही आहे. चाळिशीनंतर लायसन्ससाठी डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, आणि पंचावन्नच्या पुढं लायसन्स एका वेळी पाचच वर्षांसाठी मिळतं. ज्या माणसानं आयुष्यभर एसटीच्या ब्रेकवर सही केली, त्याला तपासणीचं महत्त्व तुम्ही शिकवायला नको. तुम्ही फक्त एवढं म्हणा, की बस डेपोतून निघायच्या आधी तुम्ही दिवे बघत होता ना?

नाही म्हणाले तर? म्हणू शकतात. मग पुढची गोष्ट तुमच्या हातात आहे आणि तिला कोणाची परवानगी लागत नाही: दिवस बुडाल्यावर त्यांच्या लीडखाली तुम्ही गाडी काढायची नाही. भांडण नको, अबोला नको. "काकाजी, अंधारात मी तुमच्या मागं येत नाही" एवढं सांगून टपरीवर थांबा, मुक्काम करा, घरून कोणाला बोलवा. त्यांना ते लागेल. पण तुम्ही अंधारात मागं चालत राहिलात, तर त्यांना काही झालेलं नाही असंच त्यांनी समजायचं की नाही?

पोरांनी सुचवलेल्या स्वीपबद्दल. शेवटी राहणं म्हणजे आराम, असं त्यांना वाटतं. ग्रुपमधलं लीडखालोखाल कठीण काम ते आहे. कोणाची गाडी बंद पडली की थांबणारा तोच, पंक्चर काढणारा तोच, कोणी पडलं तर १०८ ला फोन करणारा तोच. थांबून थांबून सगळ्यांच्या मागं राहिलेला असल्यानं ग्रुप गाठायला जोरात जावं लागतं तेही त्यालाच, आणि अंधार सगळ्यात आधी त्याला गाठतो. ज्याच्या डोळ्यांबद्दल शंका आहे त्याला एकट्याला शेवटी टाकायचं? मेकॅनिक आहेत म्हणून स्वीप, हे कागदावर शोभतं. रस्त्यावर नाही.

त्यांची जागा दुसऱ्या नंबरवर, लीडच्या लगेच मागं. नव्या किंवा हळू माणसाला तिथं ठेवण्याचा फायदा असा, की लीड आरशात एकच गाडी बघतो आणि वेग तिच्यावर बेततो. मग सगळा ग्रुप आपोआप तिच्या वेगानं चालतो, ओढाताण होत नाही. काकाजींना हे पटेल, कारण रस्ता तेच सांगतील: कुठल्या गावाच्या पुढं पूल खचलाय, कुठं गतिरोधकावर पट्टे नाहीत, कुठल्या वळणाला काळी माती ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर येऊन पडते आणि जरा पाणी पडलं की त्यावर उभंही राहता येत नाही. रूट ठरवणं त्यांच्याकडेच ठेवा. ही समजूत काढायची युक्ती नाही. तुमच्यातल्या कोणालाच ते तेवढं येत नाही.

आणि लीड एकाच माणसाची, ही रीतच बंद करा. आलटून पालटून ठेवली की काकाजी 'काढले' जात नाहीत, सगळेच आत-बाहेर होतात. हे डोळ्यांचं निघण्याच्या आधी झालं असतं तर तुम्हाला मला पत्र लिहावं लागलं नसतं. क्लबच्या बैठकीत आणखी एक ठरवा: दिवे लावायची वेळ येऊ द्यायची नाही. कार्तिकात आपल्याकडे पावणेसहालाच दिवस बुडतो. सकाळी उजाडल्यावर निघा, पहाटेच्या अंधारात नको, तेव्हा रोही (नीलगायी) वावरातून रस्त्यावर येतात आणि एक गेला म्हणून तुम्ही सुटलो म्हणेपर्यंत मागून दुसरा येतो. पाचच्या आत घरी. चिखलदऱ्याला जायचं तर वर कॉफी पीत तीन-तीन तास बसणं कमी करा. आतल्या रस्त्यांवर, जिथं एकच गाडी मावेल एवढं डांबर आहे, तिथं सरळ एकामागं एक चालायचं. व्हिडिओत दिसते ती तिरपी रांग तिथं नको, समोरून बंडी आली की उजवीकडचा माणूस जाणार कुठं?

पोरांच्या बाबतीत माझ्या मनात एक पाल चुकचुकते. तीन घटनांची यादी करणाऱ्यांना काकाजींच्या डोळ्यांची काळजी आहे की त्यांच्या वेगाचा कंटाळा आलाय? तुम्हाला माहीत असेल, मला नाही. ओळखायची एक खूण सांगते. पुढच्या राईडला वेग काकाजींच्या गाडीवरच बेतायचा आहे, असं जाहीर करा आणि कोणाचं तोंड वाकडं होतं ते बघा.

पुढची राईड चिखलदऱ्याची ठेवू नका. घाट नको, जंगल नको. चांदूर बाजारहून रिद्धपूर, तिथून मोर्शी, पुढं सालबर्डी, आणि दुपारचं जेवण करून परत. संत्र्याच्या बागांमधला रस्ता आहे, सगळ्यांच्या पायाखालचा आहे, आणि पाचच्या आत सहज घरी याल. फाट्यावर माणूस उभं करायची सवय तिथंच लावून घ्या, चुकलं तरी बिघडत नाही.

आणि लीड कोणाकडे, याचा विचार तुमच्यापैकी कोणी केलेला दिसत नाही. पत्रभर काकाजींना कुठं ठेवायचं एवढंच आहे. जी मोकळी जागा होणार तिथं सगळ्यात जोरात पळवणारा पोरगा आपोआप जाऊन बसेल. तसं होऊ देऊ नका. आजवर काकाजींच्या मागं दुसऱ्या नंबरवर तुम्ही चालत आलात, त्यांचे हात, त्यांचा वेग, कुठं ते थांबतात, सगळं तुमच्या अंगवळणी पडलंय. सालबर्डीची लीड तुम्ही मागा. मागा, कोणी देईल म्हणून वाट बघू नका, आणि आधी काकाजींकडेच मागा. डोळ्यांच्या तारखेचं बोलून झालं, चहा संपला, की त्याच बैठकीत.